सुईचं जुनं नाव

त्या सकाळी चूळ भरली आणि पाणी डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून ओघळून गळ्यावर आलं. मला वाटलं, झोप अजून उतरली नाही. पुन्हा चूळ भरली, पुन्हा तसंच. मग आरशात बघितलं. चेहऱ्याची उजवी बाजू घाबरलेली होती आणि डावी बाजू कशातच नव्हती. डावा डोळा मिटता मिटेना. गाल नुसता लोंबत होता.

मी नवऱ्याला हाक मारली, "अहो!" ही हाक नीट उमटली, हे मला तेव्हा कळलंही नाही. पण आधी धावत आल्या त्या आक्का. आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वडवणी हे त्यांचं माहेर. दिंद्रुडला सासरी होत्या, तिथं यजमान वारले आणि त्या भावाकडे राहायला आल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन. सकाळी उठल्या की आधी मशीनवरचं कापड काढणार, मग चहा. त्या आल्या, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

"वारं गेलं का काय गं माय," एवढंच म्हणाल्या.

आमच्याकडे अंगावरून वारं गेलं म्हणजे अर्धांग. आक्कांचे यजमान त्यातच गेले होते. त्यामुळे त्यांच्या मनात काय आलं असेल ते मला त्या धांदलीतही दिसलं.

शेजाऱ्यांची गाडी मागून आम्ही बीडला गेलो. आक्का मागच्या सीटवर माझा हात धरून बसल्या होत्या. मधूनमधून त्या माझी बोटं दाबायच्या आणि म्हणायच्या, "दाब बरं. माझा हात दाब." मी दाबला की सुस्कारा सोडायच्या, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच.

डॉक्टरांनी हात वर करायला लावले, चालायला लावलं, मग म्हणाले, "कपाळाला आठ्या पाडा." मी भुवया वर केल्या. उजवीकडे आठ्या पडल्या, डावीकडे कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट. डॉक्टर चक्क हसले. म्हणाले, "आठी पडत नाही ही चांगली गोष्ट आहे. अर्धांगात कपाळ हलत राहतं. हे अर्धांग नाही. चेहऱ्याची एक नस सुजली आहे. गोळ्या वेळेवर घ्या, डोळा जपा, तोंडाचा व्यायाम करा. महिन्या-दोन महिन्यांत बहुतेक माणसं बरी होतात, काहींना जास्त लागतात."

बाहेरच्या बाकावर आक्का बसल्या होत्या. नवऱ्यानं त्यांना सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मोठ्यानं रडल्या. बाजूच्या बाईला वाटलं, आमचं कोणी तरी गेलं. आक्का तिला रडत रडतच सांगायला लागल्या, "न्हाई, न्हाई, बरी हाय ती. आठी न्हाई पडत तिला."

मी वडवणीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. बोलणं हाच माझा धंदा. आणि बोलण्यातली प, फ, ब, भ, म ही वर्णमालेतली अख्खी ओळ माझ्या तोंडातून उठून गेली होती. या अक्षरांना दोन्ही ओठ मिटावे लागतात. माझा उजवा ओठ यायचा, डावा यायचा नाही, आणि फटीतून फुस्सकन हवा निघून जायची. 'व' चं तेच. 'पाणी' म्हणायला गेले तर 'हाणी' असं काहीतरी व्हायचं. रजा टाकली आणि पहिले काही दिवस मी बोलणंच बंद केलं. मान हलवायची, बोटानं दाखवायचं. लोक बघायला यायचे आणि माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलायचे.

नवरा जीव तोडून मदत करायचा. तो तहसीलीत कारकून आहे, दिवसभर लोकांची अर्धवट वाक्यं पुरी करून देण्याची त्याला सवय. मी 'ब' साठी ओठ जुळवायला लागले की तो सुरू व्हायचा, "बटाटे? बँक? बाहेर जायचंय?" मला बनियन वाळत टाकलंय एवढंच सांगायचं असायचं. मग मी हात झटकून निघून जायचे आणि तो बिचारा तसाच उभा राहायचा.

एकदा आक्का मशीनवरून ओरडल्या, "तू गप बस रे. तिचं तिला म्हनू दे." मग मला म्हणाल्या, "अन् तू गं? मुकी हाईस का? वाकडं बोल, पन बोल. आमाला काय परीक्षेला मार्क द्यायचेत का तुला?"

मग मी बोलायला लागले, पण एक युक्ती काढली. ओठ न लागणारे शब्द शोधायचे. साखर चालायची, मीठ नाही. डाळ चालायची, भात नाही. जेवताना तहान लागली तेव्हा मी आक्कांना म्हणाले, "आक्का, जल द्या."

आक्कांनी तांब्या तसाच धरला. "जल? नाटकात हाईस का गं तू?" आणि ज्या हसायला लागल्या, की मलाही हसू आलं. माझं हसणं अर्ध्याच तोंडाचं, ते बघून त्या अजून हसल्या, मग मला जवळ घेतलं.

आमच्या घरात आम्ही दोघी इतकी वर्षं राहिलो, पण खरं सांगायचं तर एकमेकींना पाठमोऱ्याच ओळखत होतो. मी कॉलेजला, त्या मशीनवर. मी आले की स्वयंपाक, त्यांच्या गिऱ्हाइकीची वेळ. भांडण कधी नव्हतं, पण दुपार अशी कधी आमच्या वाट्याला आलीच नव्हती. आता आली.

डोळा मिटत नसल्यामुळे धुळीचा त्रास व्हायचा. डॉक्टरांनी पट्टी लावायला सांगितली होती. दुकानातली पट्टी टोचायची. आक्कांनी अस्तराच्या मऊ कापडाची पट्टी शिवली, आत कापसाचा पातळ थर, मागे इलॅस्टिक. दुसऱ्या दिवशी बघते तर चार-पाच पट्ट्या तयार. निळ्या साडीवर निळी, पोपटीवर पोपटी. "पट्टी लावायचीच हाय तर म्याचिंग लाव," म्हणाल्या. आरशासमोर व्यायाम करायचा तोही माझ्याबरोबर त्या करायच्या. गाल फुगवणं, शीळ घालणं, फुगा फुगवणं. त्यांचा फुगा टम्म फुगायचा आणि माझा जागच्या जागी थरथरायचा. गल्लीतून जाणाऱ्या बायका खिडकीतून बघायच्या, आणि आक्का त्यांना फुगा दाखवून सांगायच्या, "या की, तुमी बी फुगवा."

आता त्या सुईकडे येते.

आजारी पडण्याआधी मी एका ऑनलाइन वर्गाला नाव घातलं होतं. भाषांचा इतिहास कसा शोधतात, असा विषय. शिकवणाऱ्या बाई फिनलंडच्या, पन्नाशीच्या, कायम जाड लोकरी स्वेटर घातलेल्या. वर्ग फुकट होता आणि आपल्याकडे संध्याकाळी असायचा. माझ्या वर्गातली मुलं नेहमी विचारतात, 'नाइफ' मध्ये 'क' कशाला लिहायचा, बोलत तर नाहीत. त्याचं धड उत्तर आपल्याला देता यावं, एवढ्याच हौसेनं मी गेले होते. आमच्या घरात मोबाइलचं नेटवर्क फक्त आक्कांच्या खोलीत, खिडकीपाशी नीट येतं. म्हणून मी तिथंच कापड कापायच्या टेबलाला कोपर टेकून ऐकायचे, आणि शेजारी मशीन चालायचं.

बाईंनी प्रत्येकाला एकेक शब्द दिला होता. माझ्या वाट्याला सुई आली. काम असं, की फिनिश, एस्टोनियन, कारेलियन, वेप्स या सगळ्या बहिणी-बहिणी भाषा. त्यांची आई एकच, पण त्या आईच्या बोलण्याचा एक शब्दही कोणी लिहून ठेवलेला नाही. लेकींचे शब्द समोर मांडायचे आणि आईचा शब्द कसा असेल ते काढायचं. मग हेही दाखवायचं, की तो शब्द त्या आईनं शेजारच्या जर्मानिक लोकांकडून घेतलेला आहे. इंग्रजी, जर्मन, स्वीडिश या भाषा ज्या जुन्या बोलीतून निघाल्या, ते लोक. आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर उभं राहून सगळ्यांना समजावून सांगायचं.

तोंड गेल्यावर मी ठरवलं, सोडून द्यायचं. बाईंना तसं लिहिणार होते. आक्कांनी विचारलं, "आज ती स्वेटरवाली न्हाई का?"

मी मान हलवली.

"कावून?"

मी तोंडाकडे बोट दाखवलं.

"ऐकायला कान लागत्यात. तोंड कशाला लागतंय?" त्यांनी टेबलावरचं कापड गोळा करून जागा केली आणि स्वतःच मोबाइल खिडकीत उभा करून ठेवला. मला नाही म्हणता आलं नाही. 'नाही' हा शब्द तसा मला स्पष्ट म्हणता येत होता, तरी.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी शिंप्याच्या खडूनं त्या टेबलावर शब्द लिहायचे. देवनागरीतच, म्हणजे आक्कांना वाचता यावेत. फिनिश 'नेउला'. एस्टोनियन 'नोएल'. कारेलियन 'निएग्ला'. वेप्स 'नेग्ल'. सगळ्यांचा अर्थ सुई.

आमच्या गल्लीत एक चाचा गाड्यावर पपई आणि केळी घेऊन येतात. मला तेव्हा मऊच खावं लागायचं, त्यामुळे ते रोज दाराशी थांबायचे. पहिल्या दिवशी मी डोळ्याला पट्टी, तोंडावर पदर अशी गेले आणि 'पपई' म्हणताना 'हहई' म्हणाले. चाचांनी पदराकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "पपई ना? रुको, पिकेली देतो. ही न्हाई, ही कच्ची हाय." बस्स. जसं काही मी रोज असंच बोलते. मला तेव्हा किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. घरात येऊन मी पपई ओट्यावर ठेवली आणि लगेच कापायला घेतली.

तर एके दिवशी आक्का दारात चाचांशी पपईच्या पिकण्यावरून वाद घालत होत्या. मध्येच अभिमानानं म्हणाल्या, "आमची ही आजारपनात बी अभ्यास करती. लांब कुठं लोक हायत, ते सुईला नेउला म्हनत्यात."

चाचांनी तराजू खाली ठेवला. "सुईला नेवला? नेवला म्हंजे तर मुंगूस. साप मारतो तो." मग विचार करून म्हणाले, "मग मुंगसाला काय म्हनत्यात ते लोक?"

आक्कांनी आत तोंड करून मला विचारलं, "काय गं, मुंगसाला काय म्हनत्यात?"

मला माहीत नव्हतं. त्यांच्याकडे मुंगूस असतं की नाही हेही माहीत नव्हतं. पुढं कितीतरी दिवस चाचा गाडा उभा करून विचारायचे, "काय ताई, मुंगूस सापडलं का?"

मी पहिल्यांदा चुकले. फिनिश ही त्यांतली मोठी, पुस्तकांची भाषा, म्हणून तिचाच शब्द आईचा असणार असं धरून मी 'नेउला' लिहून पाठवला. बाईंचं उत्तर आलं: "मग वेप्सच्या शब्दात 'ग' कुठून आला ते मला दाखवा. नसलेला 'ग' कोणी मधेच का घालेल?" रागावून नव्हे. खाली त्यांनी लिहिलं होतं, अजून दोन शब्द याच रांगेत मांडून बघा, मान आणि चाळणी.

मी मांडले. मानेला फिनिशमध्ये 'कउला', एस्टोनियनमध्ये 'काएल', वेप्समध्ये 'कग्ल'. चाळणीला फिनिशमध्ये 'सेउला', एस्टोनियनमध्ये 'सोएल', कारेलियनमध्ये 'सिएग्ला'. खडूनं एकाखाली एक लिहिले आणि मागे सरकून बघितलं. जिथं फिनिशमध्ये 'उल', तिथं एस्टोनियनमध्ये 'एल', आणि कारेलियन-वेप्सकडे 'ग्ल'. तिन्ही वेळेला तसंच. म्हणजे हे एका शब्दाचं लहरीपण नाही, सगळ्या घराची रीत आहे. आईच्या बोलीत 'ग' नव्हताच, म्हणून मूळ शब्दात 'क्ल' होता. एकीकडे तो 'ग्ल' होऊन राहिला, फिनिशनं त्याचा 'उ' करून टाकला, एस्टोनियननं तो जवळजवळ गिळला.

मी टेबलावर मोठ्या अक्षरात लिहिलं, नेएक्ला. आणि त्याच्या आधी एक तारा काढला.

"ही टिकली कावून?" आक्कांनी विचारलं.

मी सांगितलं, हा शब्द कोणीच लिहून ठेवलेला नाही, आपण तो लेकींवरून काढला, म्हणून खूण करायची असते. हे सांगताना तोंडातून बरीच हवा गेली, पण आक्का शेवटपर्यंत थांबल्या. त्या कधीच मधे शब्द घालायच्या नाहीत. कात्री हातात धरून, मान जरा तिरकी करून ऐकत राहायच्या, आणि मी पोहोचले की मान हलवायच्या.

"वाच की मंग," त्या म्हणाल्या.

मी वाचलं, "नेएक्ला." आणि थबकले. पुन्हा म्हटलं. नेएक्ला. त्यात ओठांचं कामच नव्हतं. न, क, ल, सगळं जिभेचं. किती दिवसांनी माझ्या तोंडातून एक अख्खा शब्द जसाच्या तसा, गळती न लागता बाहेर पडला होता. आक्कांच्याही लक्षात आलं. "अगं, हे तर नीट आलं!" त्यांनी कात्री ठेवली. मग दिवसभर आम्ही दोघी सुईला नेएक्लाच म्हणत होतो. "जरा ती नेएक्ला दे गं." "नेएक्लात दोरा ओव, मला दिसंना." संध्याकाळी नवरा घरी आला तर त्याला काही कळेना. त्यानं अंदाज लावायला सुरुवात केली आणि आम्ही दोघींनी त्याला गप्प बसवलं.

आता दुसरं अर्धं काम होतं. जर्मानिक लोकांचा जुना शब्द साधारण 'नेथ्लो' असा होता, असं पुस्तकं सांगतात. इंग्रजीतली 'नीडल' त्यातूनच आली. मग 'थ्ल' चा 'क्ल' कसा झाला? यात मी आठवडाभर अडकले. उत्तर मला माझ्याच तोंडानं दिलं. त्या जुन्या फिनिक लोकांच्या, म्हणजे त्या आईभाषेच्या, बोलण्यात इंग्रजी 'थिंक' मधला 'थ' नव्हता, आणि 'त' ला लगेच 'ल' जोडायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. जे जमत नाही तिथं तोंड गप्प बसत नाही, जवळचं जे असेल ते पुढं करतं. मी 'प' च्या जागी 'ह' करत होते, रोज, दर वेळी तोच. 'प' च्या जागी कधी 'ट' केला नाही. त्यांनी 'थ' च्या जागी 'क' केला, आणि तोही ठरून. नसलेल्या आवाजाच्या जागी जवळचा आवाज येतो, हे पुस्तकातलं वाक्य मला आधीही वाचता येत होतं. पण आता ते गालात जाणवत होतं.

अजून एक गोष्ट बाईंनी दाखवली. जर्मनमध्ये सुईला 'नाडेल' म्हणतात, म्हणजे तिथं 'ए' चा 'आ' झाला. फिनिक शब्दात मात्र 'ए' आहे. याचा अर्थ हा बदल पोहोचण्याच्या आधीच त्यांनी शब्द घेतला होता, आणि तो आवाज त्यांनी जपून ठेवला.

हे मी आक्कांना सांगितलं तेव्हा त्या काज करत होत्या. म्हणाल्या, "मंग त्याच्या आधी ते कशानं शिवत व्हते? कपडे तर घालत असतील की. थंडीचा मुलूख."

मला हे सुचलंच नव्हतं. मी बाईंना लिहिलं, माझी नणंद शिवणकाम करते, ती असं विचारते आहे. बाईंनी भलंमोठं उत्तर पाठवलं. त्यांच्याकडे सुईचा अस्सल घरचा शब्द होता, अजूनही आहे: 'आयमा'. पण बाहेरची सुई आणि तिचं नाव आल्यावर तो जाडजूड सुईच्या वाट्याला गेला, चामडं वगैरे शिवायच्या.

"म्हंजी दाभन," आक्का लगेच म्हणाल्या.

दाभण. पोती शिवायची. 'आयमा' मध्ये 'म' होता, तो मला म्हणता येत नव्हता. आक्का म्हणून दाखवायच्या.

मग मी त्यांना त्यांच्याच टेबलावरच्या वस्तू मोजून दाखवल्या. कात्रीचं दुसरं नाव कैची, ते तुर्कांकडून आलेलं. अस्तर आणि रफू फारसीतून. काज पोर्तुगीजांचा. बटण इंग्रजांचं. आक्का बघतच राहिल्या. "मंग आपलं काय हाय ह्यात?" मी म्हटलं, सुई आणि दोरा. त्यांना ते फार आवडलं. गिऱ्हाइकांना सांगायला लागल्या, "सुई-दोरा आपला, बाकी सगळं लोकांचं. पन आता कोन म्हनंल लोकांचं? हातात बसलंय ना."

सांगायचा दिवस जवळ आला आणि माझं अवसान गेलं. इंग्रजी ही तर ओठांचीच भाषा निघाली. 'बॉरोड' म्हणता येईना, 'व्हॉवेल' म्हणता येईना, 'प्रोटो-फिनिक' हे त्या आईभाषेचं नाव तर बोलायलाच नको. 'बॉरोड' च्या जागी 'टुक' घातलं. पण सगळीकडे असं ठिगळ लावता येईना. बाईंना लिहिलं, मी नुसतं लिहून पाठवते. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: "तुम्ही जसं बोलाल तसं आम्ही ऐकू."

आरशासमोर सराव करताना आक्का बघत होत्या. मी बोटानं डावा गाल वर दाबला की 'प' बऱ्यापैकी यायचा. पण मग हात अडकायचा, मोबाइलवर चित्रं सरकवता यायची नाहीत. आक्का खुर्ची ओढून माझ्या डाव्या बाजूला बसल्या. "मी धरते."

"आक्का, सगळे बघतील."

"बघू दे. मी फक्त बोट देते, मी काय बोलनार हाय व्हय?"

त्या संध्याकाळी नेमकी लाइट गेली होती. खिडकीतून येणाऱ्या उजेडात मोबाइल उभा केला. मी पोपटी साडी नेसले होते, डोळ्यावर पोपटी पट्टी. माझी पाळी आली. पडद्यावर लहान लहान चौकोनांत कुठकुठली माणसं, आणि बाई स्वेटरमध्ये. आक्का कॅमेऱ्याच्या बाहेर बसल्या होत्या, फक्त त्यांचा हात आत. अंगठ्यानं त्यांनी माझा गाल अलगद वर धरला. त्या अंगठ्याला वर्षानुवर्षं सुई टोचून खरखरीत झालेलं कातडं होतं, ते मला बोलताना सगळा वेळ जाणवत होतं. 'प' आला की त्यांचा अंगठा आपोआप जरा दाबला जायचा. इंग्रजी त्यांना येत नाही, पण माझं तोंड कुठं अडतं हे त्यांना पाठ झालं होतं.

मी लेकींचे शब्द सांगितले. मान आणि चाळणी सांगितली. 'थ' आणि 'क' सांगताना मी ठरवलं नव्हतं तरी माझ्या तोंडाचं सांगून टाकलं, की माझ्याकडे सध्या पाच-सहा आवाज नाहीत, आणि नसलेल्या आवाजाचं काय करतात हे मी रोज बघते आहे. कोणी हसलं नाही. शेवटी 'नेएक्ला' म्हटलं, तेव्हा आक्कांनी अंगठा काढून घेतला. तो शब्द मला एकटीला येतो, हे त्यांना माहीत होतं.

बाईंनी मान डोलावली. मग विचारलं, "हा हात कोणाचा?"

मी म्हणाले, "माझ्या नणंदेचा. ज्यांनी दाभणाचा प्रश्न विचारला होता."

"त्यांना दिसू द्या ना."

आक्का लाजल्या, पदर सारखा केला आणि वाकून चौकोनात आल्या. पडद्यावरच्या माणसांनी हात हलवले. बाईंनी माझ्याकडून विचारून घेतलं की आक्का काय शिवतात. आक्का मला म्हणाल्या, "सांग त्यांला, ब्लाउज. अन् इचार, ते स्वेटर घरी विनलंय का इकत घेतलंय?" मी विचारलं. बाईंनी ते त्यांच्या आईनं विणलं होतं. आक्कांनी कॉलर नीट बघायला त्यांना कॅमेऱ्याच्या जवळ यायला लावलं, आणि बाई आल्या. आमचा वेळ कधीच संपून गेला होता.

त्यानंतर चेहरा हळूहळू परत आला. आधी 'म'. एका सकाळी चहा पिताना मी "मला अजून थोडा" म्हणाले आणि नवऱ्यानं कप खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. पुन्हा म्हण म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. तो उठून आक्कांच्या खोलीत गेला आणि त्यांना हाताला धरून घेऊन आला. मग 'ब', मग 'प'. 'फ' आणि 'व' ला वेळ लागला. त्या काळात नवराही बदलला. आता मी बोलायला लागले की तो वाट बघतो. तहसीलीतही, म्हणे, लोकांना बोलू देतो, आणि त्यामुळे जेवायला उशिरा येतो.

मी कॉलेजात परत गेले. पहिल्या दिवशी पट्टी नव्हती, पण ओठ अजून जरा ओढलेला होता. मुलांनी काही विचारलं नाही. मी त्यांना 'नाइफ' मधल्या 'क' चं उत्तर दिलं, जरा लांबलं ते, पण तास संपल्याची घंटा झाली तरी मागच्या बाकावरून कोणी उठलं नाही.

डॉक्टरांनी, बाईंनी, चाचांनी, नवऱ्यानं, सगळ्यांनीच मला सांभाळलं. पण आक्कांचं मी काय म्हणू? घरातल्या माणसाला आभार मानायची आपल्यात रीत नाही. मी एकदा प्रयत्न केला. म्हणाले, "आक्का, तुम्ही नसता तर…"

"तर काय? बीडवरून दुसरी आनली असतीस का ननंद?" त्यांनी दोरा दातानं तोडला. "जा, त्या ब्लाउजाला हूक लाव. रिकामी बसलीस तर."

त्यांनी मला हूक लावायला शिकवलं आहे, पण अजून मला ते सरळ लावता येत नाहीत. त्या उसवतात आणि पुन्हा लावायला देतात.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघी आष्टीला एका लग्नाला गेलो. एस्टीनं, खिडकीशी आक्का. पूर्ण वाटभर त्या बोलत होत्या. दिंद्रुडचं घर, यजमानांचा स्वभाव, पहिलं मशीन कसं बैलगाडीतून आणलं. इतक्या वर्षांत मी यातलं काहीच ऐकलं नव्हतं. मी मधे बोलले नाही.

लग्नात फोटो काढताना मी सवयीनं डावी बाजू लपवायला सरकले. अजूनही हसले की माझा डावा डोळा जरा मिटतो, तेवढं राहिलंय. आक्कांनी दंडाला धरून मला पुढं ओढलं. "इकडं उभी राह. मला दिसू दे तू." फोटोवाल्यानं हसा म्हटलं. आम्ही हसलो. माझा डोळा मिटला, आणि आक्का कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडेच बघत होत्या. फोटो चांगला आला आहे.